कागद फक्त मुलांनीच दाखवायचे?

दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर नाहीतर ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड, आधार, फोटो, सही. महाराष्ट्रात पूर्णवेळ एमबीएच्या कॅपला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, अर्ज करणाऱ्या मुलाची ही फाइल. एक कागद कमी पडला, एका दाखल्यावर वडिलांच्या नावातली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली, की अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. कागद तपासायलाच हवेत. राखीव जागेवर खोटा माणूस बसू नये, बाहेरच्याने इथला अधिवास सांगू नये, यात दुमत नाही.

आता दुसरी फाइल काढा. कॉलेजची.

गेल्या वर्षी किती मुलं पास झाली? त्यातली किती नोकरीला लागली? कोणत्या कामावर, किती पगारावर? शिकवायला कायमचे किती, तासिकेवरचे किती? ही फाइल मुलाला कुणी दाखवत नाही. त्याच्या हातात पडतं ते गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यावर काचेची इमारत आणि ब्लेझर घातलेली चार हसरी पोरं. बावीस वर्षांच्या मुलाने आपली जात, आपलं घर, आपले गुण, आपल्या बापाची कमाई, सगळं सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध करायचं. आणि त्याच्याकडून लाखांनी पैसे घेणाऱ्या संस्थेचा नुसता शब्द प्रमाण मानायचा. हा व्यवहार एकतर्फी आहे आणि दर वर्षी प्रवेशाचा हंगाम आला की माझं डोकं फिरतं.

आधी मुलांची बाजू बघू. जूनमध्ये कुठल्याही तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर अर्धा तास उभे राहा. नॉन-क्रिमीलेअरसाठी आधी तहसीलदाराचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल, तलाठी तीन गावांचा पदभार सांभाळणारा, आज या गावी तर उद्या त्या गावी. दाखला हातात आला तरी तो येत्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. जात पडताळणी समितीकडे प्रकरण पडून असलं तर पावतीवर अर्ज घेतात, पण ठरलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र नाही आलं तर मुलगा राखीव यादीतून खुल्या यादीत जातो. समितीचा उशीर आणि शिक्षा मुलाला.

हे झालं राज्याचं. तोच मुलगा कॅट देणार असेल तर यातले अर्धे कागद बिनकामाचे. आयआयएम केंद्राच्या संस्था आहेत, त्यांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचं मराठा समाजासाठीचं एसईबीसी आरक्षण २०२४ च्या कायद्याने आलं, ते तिथे चालत नाही. मराठा समाजाच्या मुलाने तिथे खुल्यातून जायचं किंवा केंद्राचं ईडब्ल्यूएस काढायचं. आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली की माणूस बाद. बीडमधला सहा एकर जिरायतीचा मालक, ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीतच तळ लागतो, तो दिल्लीच्या हिशेबात सधन ठरतो. हा नियम करणाऱ्याने जिरायत आणि बागायत यांतला फरक विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. कॅटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात असतो, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी. ज्यांना हे दोन नमुने वेगळे असतात हे माहीत आहे, त्यांची मुलं शहरात क्लासला जातात. ज्यांना माहीत नाही, त्यांना ते मुलाखतीच्या टेबलावर कळतं.

कॅटविषयी आणखी एक गोष्ट क्लासच्या जाहिरातीत कधी छापत नाहीत. नुसत्या कॅटच्या गुणांवर आयआयएमचं बोलावणं येत नाही. अहमदाबाद, बंगळूर यांच्यासारख्या जुन्या संस्था दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही वजन देतात, आणि ते वजन किती हे आपल्या प्रवेश धोरणात लिहून ठेवतात. दहावीला ६२ टक्के मिळालेल्या मुलाने कॅटला ९९ पर्सेंटाइल आणले तरी तिथली दारं बहुधा बंद राहतात. हे धोरण संस्थांच्या संकेतस्थळावर पडलेलं असतं, फुकट. क्लासवाला फी घेण्याआधी दहावीचे गुण विचारतो का? नाही विचारत. विचारले तर त्याचं गिऱ्हाईक जाईल.

आता राज्याची सीईटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. प्रश्नामागे ४५ सेकंद. त्यामुळे शेवटच्या तीन-चार मिनिटांत हॉलभर माउसचा टकटकाट सुरू होतो: उरलेल्या चाळीस प्रश्नांना हाताला येईल तो पर्याय. अशा चाळिसांत सरासरी आठ बरोबर येतात. कुणाचे बारा येतील, कुणाचे पाच. मधल्या गर्दीत या सात गुणांनी हजारो मुलांचा क्रम वरखाली होतो. वर वेगवेगळ्या सत्रांचे गुण एका पातळीवर आणायचं गणित, जे परीक्षा दिलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना समजतं. २०२३ साली पहिल्याच सत्रात संगणक अडले, कुठे जादा वेळ दिला गेला, आणि बाधित मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. परीक्षा असावी, पण चुकीच्या उत्तराला पाव गुण तरी कापा. नशिबाचा भाग तेवढा कमी होईल.

परीक्षेला लाखाच्या वर मुलं बसतात. त्यातली वरची हजारभर जमनालाल बजाज, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुम्बा इथल्या जागांसाठी भांडतात. बजाज १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन शाळेच्या सहकार्याने काढली, तिथे खुल्या गटात ९९.९ च्या आसपास पर्सेंटाइल लागतो. या मुलांची मला काळजी नाही. ती कुठेही गेली तरी तरतात. माझं म्हणणं आहे ते सत्तर ते पंच्याण्णव पर्सेंटाइलमधल्या पोरांविषयी. हीच पोरं सगळ्यात जास्त, यांच्याच आईबापांच्या मुदतठेवी मोडतात आणि यांनाच सगळ्यात कमी माहिती मिळते.

इथेच घोडं पेंड खातं. सीईटी होते मार्च-एप्रिलच्या सुमारास. निकाल त्यानंतर, कॅप त्यानंतर, वर्ग भरेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. मधले चार-पाच महिने मुलगा घरी बसून. पूर्णवेळ एमबीए करायचं म्हणून नोकरी सोडलेली असली तर आणखी पंचाईत. आणि याच महिन्यांत फोन सुरू होतात. स्वतःच प्रवेश देणाऱ्या पीजीडीएमच्या, म्हणजे व्यवस्थापन पदविकेच्या, संस्था फेब्रुवारी-मार्चमध्येच मुलाखती उरकतात आणि पत्र धाडतात: अभिनंदन, आपली निवड झाली आहे, आठ दिवसांत पहिला हप्ता भरून जागा निश्चित करा. आठ दिवस. ज्या निर्णयावर घरातलं दहा-बारा लाखांचं कर्ज आणि दोन वर्षांचा पगार पणाला लागणार, त्याला आठ दिवस. सीईटीचा निकाल लागायच्या आत हात धुऊन घ्यायचा, एवढाच त्या मुदतीचा अर्थ.

घाबरून पैसे भरणाऱ्या पालकांना दोन नियम ठाऊक असते तर बरंच काही वाचलं असतं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमाप्रमाणे ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीची फी परत करावी लागते. आणि मूळ कागदपत्रं संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, तपासून परत द्यायची. हा नियम आहे. तरीही माझ्या ओळखीतल्या एका मुलीची पदवीची मूळ गुणपत्रिका एका संस्थेने तीन आठवडे दिली नाही, कॅपची यादी लागून गेली तरी. तिचे वडील बँकेत शिपाई. त्यांनी तीनदा खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला नियमाची छापील प्रत घेऊन गेले, तेव्हा कपाट उघडलं. नियमाची प्रत हातात नसती तर? ज्यांच्या हातात ती नसते अशांच्या जिवावर हा धंदा चालतो.

दुसरा सापळा व्यवस्थापन कोट्याचा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांना २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थापातळीवर भरता येतात. एजंट सांगतो, कॅपच्या भानगडीत कशाला पडता, आजच जागा घ्या. तो हे सांगत नाही की राज्य सरकारची शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यालाच मिळते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. २०२४-२५ पासून तर आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पुन्हा तीच अट: प्रवेश कॅपमधून. म्हणजे घाईने कोट्यातली जागा घेतलेली मुलगी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून सगळी फी भरते आणि शेजारची शिक्षण शुल्काचा एक पैसाही भरत नाही. एजंटने सुचवलेल्या त्या एका सहीची ही किंमत. 'शिष्यवृत्ती फक्त कॅपमधून प्रवेश घेणाऱ्याला' हे वाक्य मोठ्या अक्षरात प्रत्येक प्रवेश अर्जाच्या वर छापायला हवं.

आता ते माहितीपत्रक उघडा. प्लेसमेंटचं पान. सगळ्यात मोठ्या अक्षरात सर्वोच्च पॅकेज. एका मुलाला मिळालेला आकडा, तोही कदाचित आठ वर्षांचा अनुभव असलेल्या मुलाला. त्याखाली सरासरी. दहा जणांतल्या एकाला ४० लाख आणि नऊ जणांना प्रत्येकी ४ लाख मिळाले तर सरासरी येते ७ लाख ६० हजार. त्या वर्गातल्या एकालाही साडेसात लाख मिळालेले नाहीत, पण छापलेला आकडा खोटा आहे असंही तुम्हाला म्हणता येत नाही. म्हणून मधला पगार मागायचा. सगळ्यांना पगारानुसार ओळीत उभं करून मधल्याचा खिसा तपासायचा. वरच्या उदाहरणात तो निघतो ४ लाख.

मग येतं '१०० टक्के प्लेसमेंट'. शंभर टक्के कुणाचे? पुष्कळ ठिकाणी ते असतात 'पात्र' विद्यार्थ्यांचे. पात्र कोण, तर ज्यांची हजेरी भरली, ज्यांनी सगळे विषय पहिल्या झटक्यात सोडवले, ज्यांनी प्लेसमेंट समितीचं शुल्क भरलं, आणि ज्यांनी 'मला नोकरी नको' असं लिहून दिलं नाही. हे शेवटचं लिहून घेण्यात काही ठिकाणी मोठी तत्परता असते. सगळीकडून नकार आलेल्या मुलाला फेब्रुवारीत बोलावून सांगतात, घरचा व्यवसाय करणार असं लिहून दे. साठातले वीस असे गळले की उरलेल्या चाळीसपैकी चाळीस जणांना नोकरी. शंभर टक्के.

आणि पॅकेज म्हणजे काय? सहा लाखांचं पॅकेज ऐकून आई पेढे वाटते. त्या सहा लाखांत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, आणि विक्रीचं लक्ष्य गाठलं तरच मिळणारी रक्कम असते. सगळं वजा जाता हातात महिन्याला चाळीस हजारांच्या आत पडतात. आता कर्जाकडे या. दहा लाख रुपये, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षं मुदत: हप्ता १६,८०० रुपयांच्या वर. शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज चढलं असेल तर त्याहून जास्त. पुण्यात किंवा मुंबईत चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं, खाणावळ, लोकल नाहीतर दुचाकीचं पेट्रोल. घरी पाठवायला काय उरतं? हा हिशेब वहीच्या एका पानात मावतो. तो अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री करायचा असतो, आणि आईबापांच्या समोर बसून करायचा असतो.

मी एमबीएच्या विरोधात नाही. चांगल्या ठिकाणी केलेली ही दोन वर्षं माणसाला बदलतात. माझ्या डोळ्यांसमोर खेड्यातली अबोल मुलं ताळेबंद वाचायला, भल्याभल्यांच्या बैठकीत उभं राहून बोलायला शिकली आहेत. म्हणूनच तर वाईट ठिकाणी गेलेल्या मुलांचं वाईट वाटतं.

आता मुलाखतीकडे येऊ. सराव मुलाखती घ्यायला मी अधूनमधून बसतो. पहिला प्रश्न ठरलेला: एमबीए का? आणि उत्तरही ठरलेलं, क्लासने पाठ करून घेतलेलं. नेतृत्वगुण विकसित करायचेत, व्यवस्थापनाचा सर्वांगीण दृष्टिकोन हवाय, पाच वर्षांनी स्वतःला मोठ्या पदावर बघतो. दहातली नऊ मुलं हेच बोलतात, त्याच क्रमाने.

यंदा एक मुलगा इचलकरंजीचा होता. त्यानेही नेतृत्वगुणांपासून सुरुवात केली. मी त्याला थांबवलं आणि घरी काय आहे ते विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "माग आहेत सर. छोटे. खर्चीवर चालतात." म्हणजे व्यापारी सुताची बिमं देतो, हा कापड विणून देतो, आणि पिकाप्रमाणे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीप्रमाणे, मजुरी घेतो. मी विचारलं, पैसे कधी मिळतात? मग तो बोलायला लागला. विजेचं बिल महिन्याच्या ठरलेल्या तारखेला भरावंच लागतं, कामगारांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो, व्यापाऱ्याकडचे पैसे मात्र दोन-दोन महिने येत नाहीत. प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) आलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येणार नाही असा नियम झाला, तेव्हा पेठेत काय गडबड उडाली, हे त्याने मला सांगितलं. काही व्यापाऱ्यांनी पैसे लवकर सोडले. काहींनी सांगितलं, उद्यम नोंदणी रद्द कर, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. त्याच्या वडिलांनी नोंदणी ठेवली आणि एक गिऱ्हाईक गमावलं. मग त्या रिकाम्या मागांवर काय घ्यायचं, कुठल्या प्रतीचं कापड घेतलं तर बिल लवकर निघतं, हे बापलेकांनी मिळून ठरवलं.

खेळतं भांडवल, वसुलीचं चक्र, एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका: एमबीएच्या पहिल्या वर्षात जे शिकवतात ते हा मुलगा जगून आला होता. मी त्याला विचारलं, हे तू आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, क्लासमध्ये सांगितलंय की घरचा छोटा धंदा काढू नका, प्रोफाइल कमी दिसतं.

प्रोफाइल कमी दिसतं! ज्याने हे शिकवलं त्याने हजारो रुपये घेऊन एका मुलाकडून त्याची सगळ्यात मोठी पुंजी काढून घेतली. लातूरच्या डाळ मिलवर हिशेब लिहिलेली मुलगी, लासलगावच्या कांदा बाजारात काकाबरोबर लिलावाला उभा राहिलेला मुलगा, शिरोलीच्या फाउंड्रीत बापाबरोबर रात्रपाळी पाहिलेला मुलगा, या सगळ्यांना एकाच साच्यात ओतून एकाच चवीची उत्तरं बाहेर काढायची. पोरांनो, हे ऐकू नका. समोर बसलेल्या प्राध्यापकाने त्या दिवशी नेतृत्वगुण चाळीसदा ऐकलेले असतात. माग त्याने एकदाही ऐकलेला नसतो. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे, पण खरं बोला.

आणि तुम्हाला काही विचारायचंय का, असं मुलाखतीच्या शेवटी म्हणतात ना, तेव्हा विचारा. बहुतेक मुलं तिथे 'नो सर, थँक यू सर' म्हणून उठतात. ती एकच वेळ अशी असते की संस्था तुमच्यासमोर उत्तर द्यायला बसलेली असते. गेल्या वर्षी पास झालेल्यांपैकी किती जण तुमच्यामार्फत नोकरीला लागले? मधला पगार किती? मार्केटिंग कोण शिकवतं, ते पूर्णवेळ आहेत का? मागच्या तुकडीतल्या कुणाही पाच जणांचे नंबर द्याल का, मी निवडलेल्या पाच जणांचे? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. संस्थेने निवडलेले माजी विद्यार्थी गोडच बोलतात. तुम्ही यादीतून मधलीच नावं उचला. एखाद्या संस्थेला हे प्रश्न उद्धट वाटले तर तिथे जाऊ नका. तुमचे पैसे घ्यायला आणि तुमचे प्रश्न टाळायला ती एकाच वेळी बसलेली आहे.

मुलांना घरबसल्याही बरंच शोधता येतं, आणि हे त्यांना शाळा-कॉलेजात कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपला तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यात वर्षागणिक किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे असतं. माहिती संस्थेनेच भरलेली असते, त्यामुळे ती डोळे मिटून खरी मानू नका. पण तीच संस्था माहितीपत्रकात काय म्हणते ते शेजारी ठेवून वाचा. दोन कागद एकमेकांशी भांडताना दिसले की समजायचं. एआयसीटीईची मान्यता असलेल्या प्रत्येक कॉलेजाला अनिवार्य प्रकटीकरण नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करावा लागतो. मंजूर जागा, भरलेल्या जागा, शिक्षकांची नावं आणि पात्रता, फी. बहुतेक संकेतस्थळांवर तो तळाशी बारीक अक्षरात टाकलेला असतो. शोधा. तिथली शिक्षकांची नावं घेऊन कॉलेजात जा आणि दारावरच्या पाट्या बघा. आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेऊन प्लेसमेंट अहवालाचा एक प्रमाणित नमुना घडवला आहे. त्यात खात्रीने मिळणारी रोख रक्कम वेगळी आणि मिळू शकणारी कमाल रक्कम वेगळी दाखवावी लागते, आणि अहवालाची बाहेरून तपासणी होते. म्हणजे खरं सांगायची पद्धत देशात आहे. किती संस्था ती पाळतात ते तुमच्या यादीतल्या कॉलेजांवर तपासून बघा.

पण हे सगळं बावीस वर्षांच्या मुलानेच का शोधायचं? शुल्क नियामक प्राधिकरण २०१५ च्या कायद्याने बसलेलं आहे. खासगी कॉलेजाची फी ठरवताना ते कॉलेजाचा खर्च तपासतं, शिक्षकांच्या पगाराचे आकडे बघतं. म्हणजे कुठल्या कॉलेजात खरोखर किती शिक्षक पगार घेतात, हे सरकारदरबारी माहीत आहे. जागा किती मंजूर आणि किती भरल्या, हे सीईटी सेलला स्वतःच्या कॅपमधून माहीत आहे. शिष्यवृत्ती किती मुलांना मिळाली, हे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आहे. माहिती सरकारी कपाटांत विखुरलेली आहे, आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्यासमोर पर्याय अर्ज भरताना येतो तो नुसता कॉलेजचा कोड, नाव आणि गाव. त्यातून पसंतीक्रम लावायचा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते आपोआप पक्कं होतं, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. असा निर्णय मुलं नाव ऐकून, मित्राने भरलं म्हणून, स्टेशनपासून जवळ म्हणून घेतात. त्यांना दोष कसा द्यायचा? समोर दुसरं काही ठेवलेलंच नाही.

तेव्हा सीईटी सेलकडे आणि उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे माझी मागणी सरळ आहे. पुढच्या पर्याय अर्जात प्रत्येक कॉलेजच्या कोडशेजारी पाच आकडे छापा: एकूण फी, पूर्णवेळ शिक्षक, गेल्या वर्षी पास झालेली मुलं, त्यातली नोकरी लागलेली मुलं, त्यांचा मधला पगार. आकड्यांखाली प्राचार्यांची सही घ्या, मुलांकडून घेता तसंच हमीपत्र घ्या. मुलाच्या दाखल्यात खोट निघाली तर त्याचा प्रवेश रद्द होतो ना? कॉलेजच्या आकड्यांत खोट निघाली तर पुढच्या वर्षी त्याच्या जागा कापा. आणि ज्या कॉलेजला हे पाच आकडे द्यायचे नसतील, त्याचा कोड त्या यादीत ठेवू नका.